गुडघे सैल ठेवा

जहाजावरून, ४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझ्या गाद्या आल्या. कागदावर त्यांचं नाव ‘धक्काशोषक आच्छादन’ असं आहे, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला इथे कुणाला वेळ आहे! पहिल्या दिवसापासून सगळे गादीच म्हणतात. त्यात मी फुशारकी मारून बसलो की या गाद्या माझ्या थोरल्या बहिणीच्या हाताखाली तयार झाल्यात. झालं. आता कुणाला काहीही खुपलं की माझ्याकडे येतात. “तुझ्या ताईला सांग, कडा वर येतात.” “तुझ्या ताईला सांग, तेल सांडलं की पाय घसरतो.” मी यंत्रखोलीतला मेकॅनिक आहे की तुझा मुनीम, हे मलाच कळेनासं झालंय.

माणूस जिथे उभा राहून काम करतो, तिथेच त्या अंथरल्यात. स्वयंपाकघराच्या वाट्याला एकही आली नाही, म्हणून आमचा आचारी फुगला. त्याने भांडारातली जादाची गादी गुपचूप उचलून चुलीपुढे टाकली. म्हणतो, “दिवसभर उभं राहून पोटऱ्या माझ्या भरून येतात आणि गाद्या तुम्हाला!”

पुढच्या महिन्यात आमची चाचणी आहे. जहाजाजवळ पाण्याखाली स्फोट करणार आणि जहाज कसं टिकतं ते बघणार. आम्ही आतच असणार, आपापल्या जागी, कामावर. आमचा तांडेल, म्हणजे डेकवरच्या माणसांचा मुकादम, सांगतो की त्यात काही नाही, मोठ्या ढेकरेएवढा आवाज होतो. पण हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. खरं काय होतं ते तू सांग. आईला मात्र यातलं काही बोलू नकोस. तिला वाटतंय की जहाज रंगवायला बंदरात जाणार आहे.

तुझा,
खांब्या

•

घरून, ११ फेब्रुवारी

चि. खांब्या,

आईने तुझं पत्र वाचायला मागितलं. ऑफिसात राहिलं म्हणाले. तुझ्यापायी मला या वयात थापा माराव्या लागतायत.

सगळ्यात आधी आचाऱ्याकडून ती गादी काढून घे. तिच्यावर उकळतं तेल पडलं तर ती पेटेल.

आता तू विचारलंस ते. स्फोट बाहेर पाण्यात होतो. तुम्हाला आग दिसणार नाही. पण जहाजाचा तळ एकदम वर फेकला जातो आणि त्याच्याबरोबर तुमच्या पायाखालची लोखंडी जमीनही. उसळते वीतभरच, पण इतक्या झटक्यात की माणूस होता तिथेच असतो आणि जमीन येऊन त्याच्या टाचांवर आदळते. तू माडीवरून खाली उडी मारलीस तर जे होईल तेच, फक्त इथे तू जागेवर असतोस आणि जमीन तुझ्याकडे येते. आधी टाच फुटते, मग नडगी, मग गुडघा, आणि फारच वाईट झालं तर पाठीचा मणका.

आमच्या शेडमध्ये माणसाएवढा, माणसाच्या वजनाचा एक बाहुला आहे. दिवसभर काही काम करत नाही आणि सगळे त्याची उठबस करतात, म्हणून त्याला आम्ही ‘पाहुणे’ म्हणतो. त्याच्या गुडघ्यात खिटी घातली की पाय ताठ राहतात, काढली की वाकतात. खिटी असेल तर खाली गादी घाला नाहीतर नका घालू, पाहुण्यांच्या टाचा वाचत नाहीत. खिटी काढून, गुडघे जरा वाकवून गादीवर उभे केले की पाहुणे शाबूत. म्हणजे निम्मं काम गादी करते आणि निम्मं गुडघे. गादी मी पाठवली. गुडघे तुमचे तुम्ही आणायचे.

तेव्हा गुडघे सैल ठेव, भार चवड्यांवर घे, भिंतीला टेकू नकोस, हेल्मेटचा पट्टा बांध. तू लहानपणापासून दाराच्या चौकटीसारखा ताठ उभा राहतोस. खांब्या हे नाव मीच ठेवलं ना? पण हा एक दिवस माझ्यासाठी वाकून उभा राहा.

एक अडचण आहे, त्यात तुझी मदत हवी. वाकून फार वेळ उभं राहता येत नाही, मांड्या थरथरायला लागतात आणि माणूस नकळत सरळ होतो. म्हणून स्फोटाच्या जेमतेम एक श्वास आधी लाउडस्पीकरवरून इशारा द्यायचा असं ठरलंय. आमच्या साहेबांनी लिहिलेला इशारा असा: ‘सर्व कर्मचाऱ्यांनी नियोजित धक्क्यासाठी सुसज्ज व्हावे.’ हे वाचून संपेपर्यंत तुम्ही दवाखान्यात पोचलेले असाल. मला एकच शब्द हवाय. यंत्रांच्या घरघरीतही कानात शिरेल असा. तिथे तू राहतोस, तूच सुचव.

ताई

•

जहाजावरून, २० फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मी जेवणघरात मोठ्याने वाचून दाखवलं. पाहुण्यांवर सगळे हसले. टाचा फुटण्याचा भाग आला तेव्हा कुणी हसलं नाही.

तुझ्या शब्दासाठी आम्ही दोन दिवस डोकं खाजवलं. तांडेल म्हणाला, ‘वाका’ म्हणा. यंत्र चालू असताना म्हणून बघितलं, तर एकाला ‘टाका’ ऐकू आलं आणि त्याने हातातला पाना टाकला, तो माझ्या अंगठ्यावर. ‘सांभाळा’ म्हटलं तर जो तो काय सांभाळायचं ते शोधत बसतो. शेवटी मला सुचलं आणि वाटलं, अरे, हे तर नाकासमोरच होतं. ‘सावधान’!

ताई, हा शब्द म्हणजे बंदुकीची गोळी आहे. शाळेच्या मैदानापासून तो आपल्या अंगात मुरलाय, आणि इथे तर रोज सकाळी त्यानेच दिवस उजाडतो. यंत्र पूर्ण जोरात असताना मी एकदाच ओरडून बघितला, तर पार पलीकडच्या टोकाची माणसंसुद्धा हातातली कामं टाकून खाडकन उभी राहिली. याहून चांगला शब्द तुला मिळायचा नाही. शिवाय अर्थही बरोबर आहे.

कप्तानांनाही पटला. फक्त ते म्हणाले, सरावात तो शब्द वापरायचा नाही, उगाच वापरला की त्याची धार जाते. म्हणून रोज संध्याकाळी तांडेल टाळी वाजवतो आणि आम्ही सगळे गुडघे वाकवून उभे राहतो. याला जहाजावर ‘ताईची बैठक’ म्हणतात. बघणाऱ्याला वाटेल, एवढी माणसं एकदम परसाकडे कशी बसली! मी सगळ्यात छान वाकतो, असं तांडेलच म्हणाला. खांब्याला वाकवलंस तू.

आचाऱ्याची गादी काढून घेतली. तो माझ्याशी बोलत नाही. त्याला बैठक शिकवायला गेलो तर म्हणाला, मी जन्मभर चुलीपुढे वाकतोच आहे, मला काय शिकवता? तो कवायत करून आलेला नाही, खानावळीतून थेट इथे भरती झाला. कुणी ‘सावधान’ म्हटलं की त्याला वाटतं काहीतरी करपतंय, आणि तो खाली वाकून जाळ बघतो.

तुझा,
खांब्या

•

घरून, २७ फेब्रुवारी

खांब्या,

तुझा शब्द मंजूर झाला. मी समितीपुढे म्हणून दाखवला तर आमचे साहेब स्वतःच दचकून खुर्चीत सरळ बसले. “उत्तम,” म्हणाले. तुझं नाव मी सांगितलं नाही, नाहीतर म्हणतील, बाईंनी सगळा घरचाच कारभार मांडलाय. सूचनापत्रक छापून झालं. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत: ‘गुडघे सैल ठेवा.’ खाली: ‘इशाऱ्याचा शब्द: सावधान.’

आता माझ्या हातात काही उरलेलं नाही. रोज शेडमध्ये जाते आणि पाहुण्यांना तुझ्यासारखं उभं करून बघते. प्रत्येक वेळी ते शाबूत राहतात. तरी धाकधूक आहेच. चाचणी झाली की दोन ओळी का होईना, लगेच लिही.

ताई

•

दवाखान्यातून, १९ मार्च

प्रिय ताई,

उशीर झाला, रागावू नकोस. चाचणी छान झाली. जहाज ठणठणीत आहे. माझा पाय थोडा मुरगळला म्हणून इथे दोन दिवस झोपवून ठेवलंय. जेवण बरं आहे. आईला सांग, रंगकाम लांबलं.

खांब्या

•

घरून, २३ मार्च

खांब्या,

तुझा पाय मुरगळलेला नाही. जखमी अकराजण आहेत आणि त्यांची यादी चाचणीच्या दिवशीच माझ्या टेबलावर आली. दोन्ही टाचांचा चुरा, उजवा गुडघा, असं तुझ्यापुढे लिहिलंय. तांडेलाच्या पुढे काय लिहिलंय तेही मी वाचलं. तू हसतखेळत लिहिलेलं ते पत्र वाचून मला पहिल्यांदा तुझा राग आला, मग इतकं रडू आलं की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

आईला मी सगळं सांगितलं. तुझ्या जुन्या चपला माळ्यावर होत्या, त्या तिने काढून धुतल्या आणि दारात ठेवल्या.

तू विचारशील म्हणून आधीच सांगते. गादी फसली. शेडमध्ये टिकली, जहाजावर टिकली नाही. चाचणीच्या वेळी वेगवान कॅमेऱ्याने घेतलेलं चित्रण मी बघितलं, त्यात वेगळं काही दिसत नाही. चूक माझी आहे. दुसऱ्या कुणाचीही नाही, एवढं पक्कं लक्षात ठेव.

ताई

•

दवाखान्यातून, २ एप्रिल

ताई,

लिहू की नको असं आठवडाभर चाललं होतं. शेवटी लिहितोय.

तू म्हणाली होतीस, निम्मं काम गादी करते आणि निम्मं गुडघे. मी माझं निम्मं केलं. इशाऱ्याची वाट न बघता तांडेलाने आधीच टाळी वाजवली होती. मी वाकलो होतो. मांड्या दुखत होत्या, घाम डोळ्यात गेला होता, तरी वाकलो होतो, हे मला स्वच्छ आठवतं. मग तू तुझं निम्मं का नाही केलंस?

तांडेल माझ्या शेजारच्या खाटेवर आहे. कमरेखाली त्याला काही कळत नाही. परवा नर्सने त्याच्या तळव्याला सुई टोचली, तर तो मलाच विचारतो, “टोचली का रे?” आणि आचारी? त्याची गादी तुझ्या हुकमावरून मी हिसकावून घेतली होती ना, तो उघड्या लोखंडावर होता. त्याच्या कपाळाला टेंगूळ आलं, बस्स. काल तो आम्हाला भेटायला चालत आला. चालत, ताई! चौकशीवाल्यांनी त्याला दोनदा बोलावलं. ज्याला गादी नव्हती तो धडधाकट आणि गादीवरचे सगळे लुळे, यावरून जे कळायचं ते त्यांना कळलं. मलाही कळलं.

यापुढे मला शेडमधल्या गमती लिहू नकोस.

•

घरून, ९ एप्रिल

खांब्या,

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. समितीचा निकाल लागला: दोष गादीचा. मी सही केली. सगळ्या जहाजांवरून गाद्या काढून घेतायत. तुमच्या जोडीच्या जहाजाची चाचणी पुढच्या महिन्यात आहे, ते आता गादीशिवायच जाईल.

तू रागाव, पण खा आणि झोप. आई रोज विचारते, पायाखाली उशी देतात का.

ताई

•

दवाखान्यातून, २८ एप्रिल

ताई,

आज सकाळी नौदलाचे कुणी मोठे अधिकारी आम्हाला बघायला आले. बिछान्यांवर नव्या चादरी घातल्या होत्या. ते दारात आले आणि दाराशी उभा असलेला शिपाई सवयीने ओरडला, “सावधान!”

ताई, अख्खी रांग किंचाळली. प्लास्टरातले, सळ्या घातलेले, वजनं बांधून टांगलेले सगळे पाय एकदम ताठ झाले. खाटांवर आडवे पडलेलो असताना आम्ही टाचा जुळवायला गेलो. माझ्या डोळ्यांपुढे काळोखी आली. फक्त तांडेल ओरडला नाही, त्याला पाय जाणवतच नाहीत. तो छताकडे बघत होता. साहेब गेल्यावर म्हणाला, “खांब्या, त्या दिवशीपण आपण हेच केलं रे.”

मी वाकलो होतो हे खरं. टाळीवर वाकायला शिकलो होतो, तसा वाकलो होतो. आणि मग तो शब्द आला. आचाऱ्याला वाटलं काहीतरी करपलं, तो खाली वाकला, म्हणून तो चालतोय. बाकी आम्ही सगळे शाळेपासून हुकमाची पोरं. पाहुण्यांच्या गुडघ्यात खिटी असते ना, ती आमच्या गुडघ्यात मी घातली. माझ्या तोंडाने.

आणि तुला हे माहीत होतं. ‘चित्रणात वेगळं काही दिसत नाही’ असं तू लिहिलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं. तुला खोटं कधीच नीट बोलता आलं नाही. माझ्यावर काही येऊ नये म्हणून तू तुझ्या गादीच्या गळ्याला फास लावलास. मी तुला काय काय लिहिलं! ते पत्र फाडून टाक.

पण ताई, जोडीचं जहाज निघणार आहे. गाद्या नाहीत आणि शब्द तोच आहे. उद्याच जा आणि सांग. माझं नाव सांग. मी तांडेलाला सांगितलंय, तो शब्द माझा होता. तो एवढंच म्हणाला, “पाणी दे.” मला उठता येत नाही हे तो विसरला होता.

त्या जहाजावरच्या माझ्या दोस्तालाही मी पत्र टाकलंय. पण बंदरातलं टपाल कधी पोचतं ते तुला माहीतच आहे.

तुझा,
खांब्या

•

घरून, ६ मे

खांब्या,

हो, मला माहीत होतं. चित्रण मी एकटीने तीनदा बघितलं. तुम्ही सगळे बैठकीत होता, तू सगळ्यात छान. मग कप्तानांचा आवाज आला आणि तुमच्या टाचा जुळल्या, गुडघे मागे गेले, छात्या पुढे आल्या. तेवढ्यात जमीन वर आली. समितीच्या लोकांचे डोळे गादीवर होते, ती किती दबते ते मोजत होते. तुम्ही सरळ झालात ते धक्क्यामुळेच, असं ते धरून चालले. मी तिथल्या तिथे बोलले असते तर पहिला प्रश्न आला असता, शब्द कुणाचा? आणि तू तांडेलाच्या शेजारी पडलेला होतास. मला वाटलं होतं, जहाज जायच्या आत इशारा बदलून घेईन, काहीतरी दुसरं कारण सांगून. कारण सापडलं नाही.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. शब्द मी सुचवला असं सांगितलं. यावेळी मला खोटं नीट बोलता आलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, दोष गादीचा आहे यावर सही तुमचीच आहे. आता भावाच्या नावाने रडून गादी परत आणायला निघालात? आणि शब्दाने कधी हाड मोडतं का?” मी म्हटलं, चित्रण परत बघा. म्हणाले, चौकशी संपली, चित्रणाच्या पेट्या दप्तरात गेल्या. मी त्यांच्या दारात तासभर बसून राहिले. शिपायाने मला चहा आणून दिला, त्यालाही माझी कीव आली असावी.

मग बंदरात फोन केला. जहाज आदल्या दिवशीच निघालं होतं, आणि साहेबांच्या सहीशिवाय समुद्रात निरोप पाठवत नाहीत.

खांब्या, मी तुला वाचवायला गेले आणि तूही वाचला नाहीस. आता समुद्रात असलेल्या त्या माणसांचा विचार केला की मला घास गिळवत नाही. शेडमध्ये पाहुण्यांना झाकून ठेवलंय.

ताई

•

दवाखान्यातून, २४ मे

प्रिय ताई,

स्वतःला खाऊ नकोस. तू बोलली असतीस तरी त्यांनी ऐकलंच असतं असं नाही, हे मी स्वतःलाही रोज सांगतो. पटत नाही, तरी सांगतो.

इथे आमचा एक नवा उद्योग सुरू आहे. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून तांडेल रोज आमचा सराव घेतो. त्याचे पाय गेले, पण आवाज तसाच आहे. तो ‘सावधान’ म्हणतो आणि आम्ही पडल्यापडल्या पाय सैल सोडतो. पहिले काही दिवस सगळे कळवळले. एकजण रडला, बंद करा म्हणाला. तांडेल थांबला नाही. मला वाटतं, मला तो एवढीच शिक्षा देणार आहे. शब्द माझा होता हे त्याने इतर कुणालाही सांगितलं नाही.

आमच्या समोरच्या भिंतीलगतच्या खाटा रिकाम्या होत्या. परवा त्या भरल्या. माझा दोस्त कोपऱ्यातल्या खाटेवर आहे. माझं पत्र त्याला मिळालं नव्हतं. शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलं, “तुमच्याकडे गाद्या होत्या म्हणे? आमच्या काढून नेल्या.” मी म्हटलं, होत्या. चांगल्या होत्या. मग मी त्याला सांगितलं की इशाऱ्याचा शब्द मी दिला होता. तो कसनुसा हसला. “तू कशाला देशील? तू तर साधा मेकॅनिक,” म्हणाला आणि कूस बदलता येत नाही म्हणून नुसती मान वळवली.

आज ते मोठे अधिकारी नव्या लोकांना बघायला आले. मी शिपायाला आधीच हात जोडून सांगून ठेवलं होतं की ओरडू नकोस. तो हो म्हणाला होता. पण साहेब दारात आले आणि त्याच्या तोंडून तो शब्द निघून गेला.

आमच्या रांगेत कुणाचा पाय हलला नाही, ताई. समोरची रांग ओरडली.

तुझा,
खांब्या